खिंडीतल्या निवाऱ्याचं कुलूप

थोरल्याला जुळ्या मुली झाल्या आणि दोघीही आजोबांचं, म्हणजे दादांचं नाक घेऊन जन्माला आल्या, त्याच वर्षी खिंडीतला निवारा बांधून पुरा झाला. दोन्ही गोष्टींचं श्रेय दादांनी घेतलं. नाकाच्या बाबतीत कोणी हरकत घेतली नाही. निवाऱ्याच्या बाबतीत धाकटीने घेतली. ती घरातली धाकटी सून, त्यातून विधवा, त्यामुळे तिचं म्हणणं सगळ्यांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की दाराला कुलूप नको.

आता कुलपांच्या कारखान्यात उभं राहून असं बोलायचं म्हणजे कमालच. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. लांबलचक बाकाच्या एका टोकाला दादा बसले होते, दुसऱ्या टोकाला आत्या. चाळीस वर्षं हीच त्यांची जागा. दादा कुलपं करत, त्यांची बहीण किल्ल्या घासत असे. तिला घरीदारी, बाजारात, बँकेतसुद्धा सगळे आत्याच म्हणत. "आत्याच्या हातची किल्ली तपासायची नसते," असं थोरला प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि खरोखरच कोणी तपासत नसे. घरातली ती एकमेव गोष्ट, जिच्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"कुलूप नको, मग काय लावू?" दादांनी विचारलं. "पडदा?"

"नुसती कडी, बाबा. आतून बाहेरून उघडेल अशी."

"आणि आतलं सामान?"

"आत चार फळ्या आहेत, एक चूल आहे, सरपण आणि ब्लँकेटं. ते चोरायला कोण एवढी चढण चढून येणार आहे?"

"येतात," थोरला म्हणाला. "चोरांनाही हवापालट लागतो." आणि स्वतःच्याच विनोदाला हसला. दुसरं कोणी हसलं नाही की तो ही जबाबदारी स्वतःवर घेई.

दादांनी कापडात गुंडाळलेलं नवं कुलूप बाकावर ठेवलं. मुठीएवढं, काळंभोर, आणि वर कोरलेलं नाव धाकट्याचं.

"हे त्याचं आहे," दादा म्हणाले. "त्याच्या दारावर हेच लागणार."

हे कुलूप कुठून आलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. धाकटा लहानपणापासून वाया गेलेला होता. म्हणजे तो कुलपं करत नसे, उघडत असे. दादांनी नवं कुलूप बाकावर ठेवलं की हा एक वाकडी तार घेऊन यायचा, खुडखुड करायचा, आणि उघडं कुलूप बापासमोर ठेवून निघून जायचा. दादा "चोर आहेस लेका" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी ती उणीव बुजवायचे. बापलेकांचा संवाद असा चालायचा. तोंडाने ते फारसं बोलत नसत.

पुढे धाकटा भटक्यांना डोंगरात न्यायचा धंदा करू लागला. एका हिवाळ्यात माणसांना खाली पोचवून तो राहिलेलं सामान आणायला एकटाच परत वर गेला, आणि वादळात सापडला. खिंडीत वनखात्याची एक जुनी चौकी होती. मोसम संपला म्हणून ती बंद होती, आणि तिच्या दाराला कुलूप होतं. ते ह्यांच्याच कारखान्याचं. तो सापडला तेव्हा दाराला पाठ टेकून बसलेला होता, आणि कुलपात तार होती.

दादा त्याला आणायला वर गेले. खाली आल्यावर कोणाशी बोलले नाहीत, फक्त बहिणीला म्हणाले, "एकच पाती राहिली होती गं. एक पाती सरकली असती की उघडलं असतं." मग त्यांनी स्वतःला कारखान्यात कोंडून घेतलं आणि असं कुलूप बनवलं, की ज्यात धाकट्याची तार पहिल्या पातीच्या पुढेही गेली नसती. माणसं पोरामागे रडतात, दानधर्म करतात, दारू पितात. दादांनी कुलूप सुधारलं. वर त्याला पोराचं नाव दिलं, आणि आपण स्मारक केलं असं ते मनापासून समजत होते. थोरल्याने त्या नावाचे दोन गाळे भरून डबे छापून घेतले. कुलूप चांगलं खपत होतं.

"आत्या, तुम्ही तरी सांगा ना," धाकटी म्हणाली.

आत्याने कानस खाली ठेवली. तिने भावाकडे पाहिलं, मग त्या कुलपाकडे. चाळीस वर्षांत ती दादांच्या विरुद्ध फक्त एकदा बोलली होती, ते चहात साखर किती यावर, आणि तेव्हाही हरली होती.

"दादाला आपल्यापेक्षा जास्त कळतं," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. रागावली नाही, भांडली नाही. बघून ठेवल्यासारखं फक्त एकदा आत्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत आत गेली. ते पाहणं आत्याला बरेच दिवस पुरलं. किल्ली घासताना पुरलं, जेवताना पुरलं.

*

उद्घाटनाला जायचं ठरलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, म्हणून थोरल्याने छत्र्या घरी ठेवल्या आणि कॅमेरा घेतला. थोरली जुळ्यांना घेऊन घरी राहिली. त्या दिवशी शहाणपणाचा निर्णय घेतलेली घरातली ती एकटीच. बाकी सगळे निघाले: दादा, वहिनी, थोरला, धाकटी, आत्या. आणि वाट दाखवायला वनरक्षक. हा वनरक्षक बोलायला कंजूस होता. त्याला दादांनी वाटेत विचारलं, "कसा वाटला निवारा?" तर म्हणाला, "चांगला आहे. बाहेरून." त्याने अजून आतून पाहिलाच नव्हता. आठवड्यापूर्वी सुतारांनी काम संपवलं, थोरल्याने स्वतः कुलूप दाबून लावलं आणि तो खाली आला होता. किल्ली तेव्हा तयार व्हायची होती. पण हे कुलूप नुसतं दाबलं की बसायचं, तोच त्याचा मोठा गुण होता.

वहिनी सबंध चढणीत एक शब्द बोलल्या नाहीत. दादांच्या बायकोची ही जुनी रीत. त्या कमी बोलत म्हणून घरात सगळे त्यांना भोळ्या समजत, आणि त्यांनी तो समज कधी दुरुस्त केला नाही. त्यात त्यांची बरीच सोय होती.

शेवटच्या वळणानंतर झाडं संपली. पुढे नुसते दगड, सुकलेलं गवत आणि वारा. खिंडीच्या मधोमध निवारा उभा होता. जुन्या चौकीच्याच जोत्यावर बांधलेला, दगडी भिंती, पत्र्याचं उतरतं छप्पर, आणि जाडजूड दार. दाराशेजारी पाटी होती. पाटीवर धाकट्याचं नाव होतं, आणि त्याखाली त्याच्या दुप्पट अक्षरांत कारखान्याचं.

"अक्षरं जरा मोठी झाली," दादा म्हणाले.

"लांबून दिसायला पाहिजेत ना," थोरला म्हणाला.

"कुणाला?" धाकटीने विचारलं. "गिधाडांना?"

दारावर काळं कुलूप लोंबत होतं. थोरल्याने सगळ्यांना त्याच्या दोन्ही बाजूंना उभं केलं, वनरक्षकाच्या हातात कॅमेरा दिला, आणि छोटंसं भाषण केलं. भाषणात भाऊ एकदा आला आणि कुलूप चारदा. मग त्याने खिशातून किल्ली काढली, कॅमेऱ्याकडे बघत हसला, आणि हसता हसताच किल्ली फिरवली.

ती फिरली नाही.

"थंडीने आकसलं असेल," तो म्हणाला आणि हसू तसंच धरून ठेवलं. पुन्हा फिरवली. मग हसू सोडून दोन्ही हातांनी. मग किल्लीवर फुंकर मारली, पँटवर पुसली, उलटी घालून पाहिली.

"फोटो काढू का?" वनरक्षकाने विचारलं.

"थांबा हो!"

दादांनी किल्ली हातात घेतली. डोळ्यांजवळ धरली. अंगठ्याने एकेक दात चाचपला, आणि एका दातावर त्यांचा अंगठा थांबला. त्या दाताला कानस लागलेलीच नव्हती.

ते वळून बहिणीकडे बघू लागले.

"काय झालं बाबा?" थोरला म्हणाला.

"किल्ली चुकली आहे."

"आत्याची? आत्याची किल्ली कशी चुकेल?" थोरल्याचा आवाज असा चढला जणू कोणी सूर्य चुकीच्या बाजूने उगवल्याचं सांगितलं होतं. "आत्या, अहो, तुम्ही... म्हणून तर मी तपासली नाही! तुमची किल्ली कोणी तपासतं का?"

"वय झालं रे बाबा," आत्या म्हणाली. "डोळे गेले."

तिचे डोळे काही गेले नव्हते. पलीकडच्या कड्यावर बसलेला पक्षी ती तिथून मोजू शकली असती. खरी किल्ली, सगळ्या दातांची, तिच्या कमरेच्या पिशवीत होती. तिने घरीच ठरवून टाकलं होतं: थोडा वेळ उभं ठेवायचं. फार नाही. दादाला त्या दारासमोर, त्या कुलपासमोर, जरासं थंडीत उभं ठेवायचं, आणि मग "अगंबाई, ही घ्या, ही राहिलीच होती माझ्याकडे" म्हणून किल्ली काढायची. तोंडाने बोलायचं धैर्य नव्हतं, कानशीचं होतं.

तिच्या हिशोबात आभाळ नव्हतं.

ते पलीकडच्या बाजूने आलं. आधी वारा थंड झाला, मग खिंड पांढुरकी झाली, आणि मग गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या, आडव्या. पत्र्यावर असा आवाज होऊ लागला की थोरला काय ओरडतोय ते कळेना. छपराची वळचण जेमतेम वीतभर होती, कारण नकाशा थोरल्याने काढला होता आणि बाहेर उभं राहायची वेळ कोणावर येईल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आत, दाराच्या पलीकडे, कोरडं सरपण होतं आणि ब्लँकेटं होती. चोर आले असते तर निदान त्यांनी दार तरी उघडलं असतं.

"खाली उतरता येईल का?" दादांनी ओरडून विचारलं.

"येईल," वनरक्षक ओरडला. "पाय घसरला की लवकर येईल."

आत्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. झाली तेवढी शिक्षा पुरे, असं म्हणून आत्याचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. आणि तिच्या मनगटाभोवती एक गार मूठ आवळली.

"राहू द्या वन्सं," वहिनी तिच्या कानाशी म्हणाल्या.

आत्या दचकली. "काय राहू द्या?"

"पिशवीत आहे ते. अजून थोडा वेळ राहू द्या."

"वहिनी, तुम्ही गारठून जाल!"

"मी नाही जायची. मला बघायचंय." आणि भोळ्या वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या.

दादा कुलपाशी गेले होते. त्यांनी एक दगड उचलून कुलपावर घातला. मग दुसरा, मोठा. दगडाचे दोन तुकडे झाले.

"बाबा, नाही तुटायचं ते!" थोरला म्हणाला, आणि सवयीने पुढे बोलून गेला, "जन्मभराची गॅरंटी आहे त्याला!"

दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गारांमध्येच दोन पावलं मागे सरला.

मग धाकटी पुढे झाली. तिच्या गळ्यात एक दोरा असे. त्यात काय आहे हे कोणी विचारत नसे. तिने तो डोक्यावरून काढला. दोऱ्याला वाकडी तार होती.

"ही घ्या," ती म्हणाली. "त्याचीच आहे. त्याच्या सामानात परत आली होती."

दादांनी तार घेतली. गुडघे दगडावर टेकले. सत्तरीचा म्हातारा, उघड्या डोक्याने, आणि समोर त्याने स्वतः केलेलं कुलूप. त्यातली एकेक पाती कुठे बसते, कशी अडते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने तार आत घातली. खुडखुड केली. तार निसटली. पुन्हा घातली. त्याने बोटं तोंडात धरून ऊब दिली आणि पुन्हा घातली. पहिल्या पातीच्या पुढे ती गेली नाही. कुलूप उत्तम झालं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. थोरला काही बोलायला गेला, तर वनरक्षकाने त्याच्या दंडाला धरून गप्प केलं. शेवटी तार दगडावर पडली आणि दादांना ती उचलता येईना. ते आपल्याच बोटांकडे बघत राहिले, परक्याची असावीत तशी.

"बोटांना काही कळतच नाही गं," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते समजलं नाही.

"त्यालाही कळलं नसेल," वहिनी म्हणाल्या.

धाकटा गेल्यापासूनच्या सगळ्या दीड वर्षात त्या नवऱ्याशी त्याविषयी एवढंच बोलल्या. आवाज चढवून नाही, जेवायला चला म्हणावं तसं. आणि मग त्यांनी आत्याचं मनगट सोडलं.

आत्याने पिशवी उघडली. किल्ली बाहेर काढली. पण दादांनी हात वर केला.

"ठेव ती," ते म्हणाले. त्यांनी पाहिलंही नव्हतं. नुसतं ओळखलं होतं. "किल्लीने नको."

भिंतीच्या कोपऱ्यात सुतारांची विसरलेली पहार पडली होती. दादांनी ती उचलली, तोल गेला, धाकटीने दुसरं टोक धरलं. सासरा आणि सून, दोघांनी मिळून पहारेचं टोक कोयंड्याखाली घातलं आणि जोर लावला. थोरला "चौकट! बाबा, नवी चौकट!" असं ओरडला. चौकट कडकडली, लाकडाचा एक लांब तुकडा निघाला, आणि कोयंडा उखडून आला. कुलूप शेवटपर्यंत तुटलं नाही. ते कोयंड्याला तसंच अभिमानाने लटकत राहिलं, बाकी दार उघडलं.

*

आत चूल पेटली. वहिनींना तीन ब्लँकेटांत गुंडाळून चुलीशी बसवलं. थोरला एका फळीवर बसून ओला कॅमेरा पुसत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत्याची किल्ली! आत्याची किल्ली लागली नाही! लोकांना सांगायचं काय?"

"सांग, की म्हातारीचे डोळे गेले," आत्या म्हणाली.

"मग दुकानात किल्ल्या कोण घासणार?"

"तू घास."

"मला येत नाही."

"मग तुमच्याही तपासायला नकोत," धाकटी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वनरक्षक हसला.

धाकटी तुटलेल्या चौकटीपाशी गेली. तिने सरपणातलं एक लाकूड घेतलं, चाकूने तासलं, आणि सुतळीने बांधून फिरती खुंटी करायला घेतली. आतून बाहेरून उघडेल अशी. दादा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ते असं नाही बसायचं. वाऱ्याने उघडेल. खालून खाच पाड."

"तुम्हीच पाडा मग."

"बोटं अजून वळत नाहीत. मी सांगतो, तू पाड."

तिने खाच पाडली. दादांनी तीनदा चूक काढली, तिने तीनदा "बरं" म्हटलं आणि दोनदा ऐकलं. दार बसलं.

गारा थांबल्यावर उतरताना दादा बहिणीच्या जवळून चालू लागले. थोरला पुढे होता, वनरक्षकाला चौकटीच्या दुरुस्तीचं समजावत.

"एकच दात ठेवलास," दादा म्हणाले.

"एकच."

"गिऱ्हाइकाशी असं केलंस तर बाकावरून उठवीन."

"गिऱ्हाइकाशी कशाला करीन? गिऱ्हाईक ऐकतं."

दादांनी हात पुढे केला. आत्याने त्यात खरी किल्ली ठेवली. त्यांनी ती खिशात टाकली आणि पुढे कधी तिचं नाव काढलं नाही. कुलूप मात्र त्यांनी कोयंड्यासकट कारखान्यात आणलं. त्या जातीची कुलपं करायचं त्यांनी थांबवलं. थोरला तळमळला, डबे पडून राहिले, पुढे त्यांत खिळे ठेवू लागले. पाटी बदलली. नवीवर धाकट्याचं नाव राहिलं आणि त्याखाली एकच ओळ, धाकटीने सुचवलेली: दार ढकला.

आत्याला याची किंमत मोजावी लागलीच. थोरल्याच्या तोंडून गोष्ट बाजारभर झाली. आत्याची किल्ली लागली नाही, खिंडीत सगळं घर गारठलं, म्हातारीचे डोळे गेले. गिऱ्हाइकं तिने दिलेली किल्ली तिच्यासमोरच कुलपात घालून बघू लागली. चाळीस वर्षांची अब्रू अशी काउंटरवर खुडखुडताना ती ऐकायची. लागली की गिऱ्हाईक म्हणायचं, "लागली हो!" आणि ती म्हणायची, "नशीब तुमचं." बाकाच्या दुसऱ्या टोकाला दादा मान खाली घालून काम करत असत. खरं काय ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण तिनेच सांगू नको म्हटलं होतं. पण तिच्या चहात त्या दिवसापासून ती म्हणेल तेवढी साखर पडू लागली.

दादा गेले ते जुळ्यांनी पहिल्यांदा शाळेत पाय ठेवला त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका दुपारी. कारखान्यात, आपल्या बाकावर, हातावर डोकं टेकून. आत्या समोरच्या टोकाला किल्ली घासत होती. तिला वाटलं झोपले. धाकटा त्याच्या पाच वर्षं आधी, हिवाळ्यात, खिंडीतल्या जुन्या चौकीच्या दाराबाहेर गेला होता. नव्या निवाऱ्याच्या दाराबाहेर अजून कोणी गेलेलं नाही.